गोंधळ्यांच्या मुखातला इतिहास

१८९१ साली 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' असे भारदस्त नाव असलेला एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर दोन नावे होती. एक हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ ह्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याचे आणि दुसरे शंकर तुकाराम शाळिग्राम ह्या आपल्या माणसाचे. सुमारे साठ पोवाडे त्यात छापले होते. अफझलखानाचा वध, सिंहगड, पानिपत, खर्डा ही नावे तेव्हाच्या शिकलेल्या लोकांना बखरींतून ठाऊक होतीच. परंतु तीच नावे गात गावोगाव हिंडणारी माणसे आपल्या देशात अजून जिवंत आहेत आणि त्यांच्याजवळ जे आहे ते त्यांच्याबरोबरच मसणात जाणार आहे, ह्याची जाणीव शहरातल्या पंडितांना फारशी नव्हती. ती ह्या दोघांना झाली. म्हणून शिवाजीमहाराजांवरचा पोवाडा आज आपण शाळेच्या पुस्तकात वाचू शकतो.

हा अ‍ॅक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. माटुंग्याला महारोग्यांसाठी त्याने आश्रयस्थान काढले, त्यावरून मुंबईकर त्याचे नाव घेतात. रस्त्यात पडलेल्या रोग्याला उचलून निवारा देणारा आणि रस्त्यावर गायलेले गाणे उचलून कागदावर ठेवणारा माणूस एकच असावा, ह्याचे मला मोठे नवल वाटते. पण साहेबाचे कौतुक करताना शाळिग्रामांना विसरू नये. साहेबाला मराठी कितीही येत असले तरी गोंधळ्याला ओसरीवर बसवून, पानसुपारी पुढे करून, त्याच्या कलाने घेत एकेक चौक लिहून घ्यावयाचा हे काम मराठी माणसाचेच. शाळिग्रामांनी लावण्यांवरही पुष्कळ मेहनत घेतली. आणि ज्यांनी गाऊन दिले त्या गोंधळ्यांची नावे? ती तुमच्या-आमच्या कानांवर कधी आलीच नाहीत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालण्याची चाल आहे त्यांना नव्याने सांगावयास नको. पण आता कित्येक घरांत गोंधळ म्हणजे नुसता पत्रिकेवरचा शब्द उरला आहे, म्हणून थोडे सांगतो. रात्री चौक भरतात, त्यावर कलश मांडतात, दिवटी पेटवतात. मुख्य गोंधळी पुढे उभा राहतो. जवळ संबळवाला, तुणतुणेवाला आणि झांज धरणारा. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि गावोगावचे देव ह्यांना नावे घेऊन गोंधळास बोलावतात. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद. पहिले रेणुकेचे, दुसरे तुळजाभवानीचे. देवीची सेवा झाली, रात्र चढली, पोरेबाळे आईच्या मांडीवर पेंगू लागली, म्हणजे मग आख्यान लागते. त्यात कधी पुराणातली कथा येते, तर कधी तानाजी येतो. गोंधळी काही ओळी गातो, मागचे झीलकरी सूर उचलतात, मग गाणे थांबवून तो साध्या बोलीत गोष्ट पुढे नेतो, मध्येच साथीदार आडवा प्रश्न विचारतो, हशा पिकतो, आणि पुन्हा संबळ कडाडते. बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे असे हे चालत आले. पाटी नाही, पोथी नाही.

आता अशा मुखातल्या गाण्याचे कागदावर उतरवताना काय होते, ह्याचा एक मोठा तमाशा अ‍ॅक्वर्थच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी इंग्लंडात होऊन गेला होता. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत आणि बेटांवर गेलिक नावाची जुनी भाषा बोलतात. तेथे फिन नावाचा वीर, त्याचा मुलगा ऑशन आणि त्यांचे साथीदार ह्यांच्या पराक्रमाची गाणी हिवाळ्याच्या लांबलचक रात्री शेकोटीभोवती म्हणत. जेम्स मॅकफर्सन नावाच्या एका तरुण शिक्षकाने १७६० मध्ये त्यांतल्या काही तुकड्यांचे म्हणून इंग्रजी भाषांतर छापले. लोक वेडे झाले. लगेच दोन-तीन वर्षांत त्याने 'फिंगल' आणि 'टेमोरा' अशी दोन अखंड महाकाव्येच बाहेर काढली, ती पंधराशे वर्षांपूर्वीच्या ऑशन कवीची म्हणून. सारा युरोप त्यावर लुब्ध झाला. जर्मनीच्या गटेने आपल्या कादंबरीत ती वापरली; नेपोलियनला ती फार प्रिय होती म्हणतात.

फक्त एक गोष्ट राहिली. मूळ गेलिक कोठे आहे? डॉक्टर जॉन्सन हा इंग्रजीचा कोशकार मोठा खवट म्हातारा. त्याने सरळ विचारले की, जुनी हस्तलिखिते असतील तर ती दाखवा. १७७३ साली तो स्वतः त्या डोंगरी मुलखात हिंडून आला आणि मॅकफर्सनला लबाड ठरवून मोकळा झाला. गंमत अशी की जॉन्सनला स्वतःला गेलिकचा गंध नव्हता. त्या भाषेत शंभर वर्षांपूर्वीचे लिखाणच नाही असेही तो म्हणाला. ते तर साफ खोटे होते, कारण सोळाव्या शतकाच्या आरंभी लिस्मोर येथील एका धर्माधिकाऱ्याने ह्याच वीरगीतांची वही लिहून ठेवली होती. मॅकफर्सन वारल्यावर हायलंड सोसायटीच्या समितीने गावोगाव पत्रे पाठवून चौकशी केली आणि १८०५ साली निवाडा दिला: गाणी खरी होती, लोक ती म्हणत होते, पण मॅकफर्सनने छापले तसले अखंड काव्य कोणाच्याच मुखात नव्हते. तुकडे खरे, शिवण त्याची.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा मॅकफर्सनच्या मनात काय चालले असेल हे मला ओळखीचे वाटते. एक तुकडा इकडचा, एक तिकडचा. मधली जागा मोकळी पाहून हात शिवशिवतो. कादंबरीकाराने ती भरावी, त्यासाठीच लोक त्याला वाचतात. परंतु भरून झाल्यावर 'हे माझे नव्हे, पंधराशे वर्षांपूर्वीचे' असे म्हटले की तेथे कलेची हद्द संपते आणि फौजदारीची सुरू होते.

ह्या पार्श्वभूमीवर अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम ह्यांचे काम पाहा. त्यांनी आधी मराठी छापले, १८९१ मध्ये. इंग्रजी पद्यात केलेले भाषांतर अ‍ॅक्वर्थने तीन वर्षांनी, १८९४ मध्ये काढले. म्हणजे विलायतेत कोणी शंका काढलीच असती तर त्याच्यापुढे मूळ मराठी पुस्तक ठेवता आले असते. मॅकफर्सनने जो क्रम उलटा केला होता तो येथे सुलटा झाला. मला तर ह्या ग्रंथाचे निम्मे मोल ह्या क्रमातच दिसते. भाषांतर चांगले की वाईट, हा वाद कोणी खुशाल घालावा. मूळ आपल्या हातात आहे.

तरी लिहून घेणाऱ्याच्या हातात काय काय निसटते, ह्याचे एक उदाहरण घ्या. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा हा आपल्याला मिळालेला सर्वांत जुना पोवाडा मानतात. प्रसंग १६५९ सालचा. जिजाबाईंच्या आज्ञेवरून शाहिराने तो रचला आणि त्याला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, हे त्या पोवाड्यातच येते. पण तो शाहीर कोण? पहिल्या छापील प्रतीत त्याचे नाव अगिनदास असे आहे. कोणी त्याचे अग्निदास केले. पुढच्या संशोधकांनी अज्ञानदास वाचले आणि तेच आता रूढ आहे. अगिन म्हणजे अग्नी, की अज्ञान शब्द बोलीत घासून झालेला अगिन? स्वतःला अज्ञानी म्हणवून घेणारा कवी आपल्या भक्तिपरंपरेला साजतो खरा. पण ज्याने महाराजांच्या आईपुढे उभे राहून गायिले त्याचे स्वतःचे नावदेखील मुखातून कागदावर येताना शाबूत राहिले नाही. आणि ह्याच पोवाड्यात खानाला अफझल न म्हणता अबदुल म्हटले आहे. लिहून घेणाऱ्याने 'हे चुकले' म्हणून तेथे अफझल घातले असते तर? त्याने ते घातले नाही, म्हणून खानाचे लोकांच्या तोंडी असलेले नाव आपल्याला कळले.

सिंहगडाचा पोवाडा तुळशीदासाचा. प्रसंग १६७० च्या फेब्रुवारीतला. हा पोवाडा इतका गाजला की हरिभाऊ आपट्यांनी १९०३ मध्ये 'गड आला पण सिंह गेला' लिहिली तेव्हा त्यांच्या कादंबरीचा सांगाडा ह्यानेच पुरविला, आणि त्या कादंबरीतून पुढे नाटके, बोलपट, शाळेतले धडे. आज कोणत्याही मराठी मुलास तानाजी विचारा, तो रायबाचे लग्न सांगेल, यशवंती घोरपड सांगेल, ऐंशी वर्षांचा शेलारमामा सांगेल. हे सारे गोंधळ्याच्या तोंडचे आहे. महाराजांच्या पश्चात थोड्याच वर्षांत सभासदाने बखर लिहिली, तीत घोरपड नाही. सभासद सांगतो की तानाजीने पाचशे माणूस निवडून नेला. पोवाड्यात फौज बारा हजारांची होते. पोवाड्यातल्या जिजाबाई प्रतापगडावरून सकाळी सिंहगड पाहतात आणि महाराजांना बोलावून सोंगट्यांच्या डावात गड जिंकून मागतात. प्रतापगड ते सिंहगड हे अंतर नकाशावर पाहणाऱ्याने पाहावे. उदेभानाचा आहार असा की बकासुराने लाजावे. त्याच्याजवळ चंद्रावली नावाचा हत्ती आणि सिद्दी हिलाल नावाचा पहिलवान. ते एकामागून एक मेल्याखेरीज तो जागचा हलत नाही.

इतिहाससंशोधक असल्या जागी कपाळाला हात लावतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. गडाचे सिंहगड हे नाव ह्या लढाईमुळे पडले अशी आपली सर्वांची समजूत, पण १६६३ च्या पत्रातच ते नाव आले आहे. तेव्हा तारीख आणि आकडा पाहिजे असेल त्याने पोवाड्याकडे जाऊ नये. परंतु पोवाड्यातले सारेच फेकून द्यावे काय? माझे मत निराळे आहे. उमरठ्याच्या घरी पोराच्या लग्नाचा मांडव उभा आहे आणि मालकाने बोलावले म्हणून बाप अक्षता ठेवून निघतो, ही गोष्ट तीनशे वर्षे लग्नघरातच गायली गेली, हे लक्षात घ्या. गोंधळ कोठे होतो? लग्नानंतर. ऐकणारा बाप कोण? ज्याच्या घरचा मांडव अजून उतरला नाही तो. गोंधळ्याने रायबाचे लग्न मागाहून गुंफले असो की ते मुळात असो, ते तेथे का टिकले हे चटकन् कळते. आणि उदेभानाचा हत्ती व पहिलवान ह्यांचे म्हणाल तर गेलिक गाण्यांतही फिनच्या पुढे समुद्रापलीकडून येणारे राक्षसी शत्रू असेच उभे राहतात. वीराला मोठे करावयाचे तर शत्रूला आधी मोठे करावे लागते, हे स्कॉटलंडच्या कोळ्याला आणि मावळातल्या गोंधळ्याला कोणी एकमेकांकडून शिकविलेले नाही.

अ‍ॅक्वर्थनंतर हे काम थांबले नाही. यशवंत नरसिंह केळकर ह्यांनी १९२८ मध्ये 'ऐतिहासिक पोवाडे' ह्या ग्रंथाचा पहिला भाग काढला आणि पुढे जन्मभर ते त्याच्याच मागे राहिले. आजवर मिळालेल्या पोवाड्यांची संख्या सुमारे तीनशे धरतात. त्यांत शिवकाळातले जेमतेम सात. पेशवाईतले दीडशेच्या घरात. उरलेले इंग्रजी अमलातले. शिवकाळातल्या शाहिरांपैकी नावानिशी ठाऊक असलेले अज्ञानदास, तुळशीदास आणि बाजी पासलकरांवर रचणारा यमाजी एवढेच. पेशवाईतल्या अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर ह्यांना निदान बाडे लिहून ठेवणारे भेटले. सात हा आकडा पाहिला की मनात येते, एवढ्या मोठ्या धामधुमीत एवढीच गाणी झाली असतील काय? झाली असतील पुष्कळ. लिहून घेणारा दोनशे वर्षे उशिरा आला.

बायकांच्या ओव्यांची गोष्ट ह्याहून वेगळी, पण ह्याच कुळातली. साने गुरुजींनी आयाबायांच्या ओव्या जमविल्या. आमच्या वऱ्हाडातली गाणी पां. श्र. गोरे ह्यांनी, पुढे १९८० नंतर गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. धनगरांच्या ओव्यांसाठी हायडेलबर्गचा गुंथर सोनथायमर ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन वर्षानुवर्षे मेंढरांमागे फिरला. मरेपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, त्याला दुसरे काही सुचले नाही.

स्कॉटलंडात मॅकफर्सनचे पाप ज्याने धुऊन काढले तो जॉन फ्रान्सिस कँबेल. आयला बेटाच्या जमीनदार घराण्यातला हा माणूस. १८६० पासून त्याने गेलिक कथांचे चार भाग काढले आणि १८७२ मध्ये वीरगीतांचा मोठा संग्रह. त्याचा नियम एकच होता: सांगणारा जसे सांगेल तसे लिहावे, आणि तो कोण, कोठला, धंदा काय, हे खाली नोंदवावे. पण मला कँबेलपेक्षा त्याच्यासाठी लिहून घेणारी माणसे अधिक आवडतात. एक शिकारीच्या रानाचा रखवालदार, एक लाकूडतोड्या, एक जकातीचा अंमलदार, आणि आयलाचा हेक्टर मॅक्लीन. हा मॅक्लीन गावच्या शाळेतला मास्तर! मास्तरांना गावात कोण काय म्हणतो, कोणाची आजी काय गाते, हे पोरांकडून फुकटात कळते, हे कँबेलने ओळखले होते.

आयर्लंडने तर हीच युक्ती साऱ्या देशाला लावली. तेथल्या लोकसाहित्य मंडळाने १९३७ ते १९३९ च्या दरम्यान प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना काम दिले की, घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि वहीत लिहून आणा. सुमारे पाच हजार शाळा, पन्नास हजारांच्या आसपास मुले. त्या वह्या आजही डब्लिनमध्ये जपून ठेवल्या आहेत. एका पिढीच्या आजीआजोबांचा सारा ठेवा नातवंडांच्या वेड्यावाकड्या अक्षरात! आपल्याकडे एवढे मास्तर आणि एवढ्या शाळा असून कोणाला हे सुचले नाही, की सुचून कागद कोठल्या कपाटात गेला?

आमचे पातूर हे घाटाच्या पायथ्याचे गाव. अकोल्याहून वाशीमकडे जाणारी वाट येथूनच घाट चढते. डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामाता आहे, आणि शेख बाबूंच्या नावाने गावाचा एक भाग ओळखला जातो. इतिहासाची आम्हांला वाण नाही. उत्तरेस बाळापूर, तेथे १७२० मध्ये निजामाने आलमअलीखानाला मारले. त्यापलीकडे अडगाव, १८०३ च्या नोव्हेंबरात तेथे भोसल्यांची फौज वेलस्लीपुढे मोडली, आणि पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड गेला, किल्लेदार बेनीसिंग दरवाजात लढून पडला. ह्या लढायांची हकिकत मी मुलांना शिकवतो ती वेलस्लीसाहेबाच्या खलित्यांवरून झालेल्या पुस्तकांतून. जिंकणाऱ्याने लिहून ठेवले, ते उरले. बेनीसिंगावर कोणी चार चौक रचले असतील तर ते कोणा म्हाताऱ्याच्या तोंडी असावेत ह्या आशेने मी दरवर्षी लग्नसराईत गोंधळ्यांना विचारीत असतो.

अजून ते मिळाले नाहीत. पण एका वयस्कर गोंधळीबुवांकडून तानाजी मात्र ऐकला. मी म्हटले, "बुवा, सकाळी घरी या. चहा घेऊ, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." बुवा आले. बैठकीवर बसले. पहिल्या चार ओळी सांगितल्या आणि थांबले. डोके खाजवले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, पुन्हा तेथेच थांबले.

"मास्तर, हे असं नाई जमत," ते म्हणाले. "संबळ वाजते तवा शब्द येते. तुमी थांबा म्हनता, मंग शब्दबी थांबते."

हे मला नवे नव्हते, कारण अमेरिकेच्या मिलमन पॅरीने १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात तंतुवाद्यावर वीरगाथा गाणाऱ्या अडाणी गवयांपाशी बसून हेच पाहिले होते. त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड ह्याने १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्या गवयांना गाथा पाठ नसतेच. ठरलेल्या शब्दांच्या जुळण्या आणि ठरलेले प्रसंग त्यांच्या अंगात असतात, आणि चालीच्या वेगात ते दर वेळी गाथा पुन्हा रचतात. सांगून लिहून घेण्याचे कामही त्यांतल्या काहींना साधे. आव्दो नावाच्या एका खाटकाने बारा हजारांहून अधिक ओळींची गाथा तशी सांगितली. पण तो हजारांत एक.

मग मी बुवांच्या नातवाला संबळ घेऊन बोलावले आणि खिशातला मोबाईल टिपॉयवर ठेवला. बुवा उभे राहिले, डोळे मिटले आणि दीड तास थांबले नाहीत. आठवड्याने दुसऱ्या एका घरच्या गोंधळात तोच पोवाडा पुन्हा टिपून घेतला. दोन्ही ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून मी रात्री वहीत उतरवली. पहिल्या वेळी घोरपड दोनदा माघारी फिरली होती, दुसऱ्या वेळी तीनदा. रायबाच्या लग्नातल्या पंगतीत पहिल्यांदा नुसता वरणभात होता. दुसऱ्यांदा, त्या यजमानाकडे पुरणपोळीचा बेत होता म्हणून की काय, उमरठ्यातही पुरण शिजले. शेलारमामाचे बोलणे मात्र दोन्हीकडे शब्दन् शब्द सारखे होते.

मी बुवांना दोन्ही वह्या वाचून दाखविल्या आणि विचारले, ह्यांतला खरा कोणता?

बुवांना प्रश्नच कळला नाही. "दोनी येकच हायेत न मास्तर," ते म्हणाले. "मी जसा आयकला तसाच म्हनतो. येक शब्द इकडचा तिकडं नाई करत."

वहीत मी दोन्ही लिहून ठेवले आहेत. खाली तिथी, गाव आणि कोणाच्या घरचा गोंधळ हेही नोंदले आहे. नातू आता बारावीला आहे. संबळ चांगले वाजवतो. पोवाड्यातला बोलण्याचा भाग त्याला येतो, गाण्याचा अजून निम्माच येतो. दिवाळीनंतर तुळशीची लग्ने लागली की गोंधळांचा हंगाम सुरू होईल. मालेगावच्या बाजूला एका घरी बोलावणे आले आहे, तेव्हा बुवांनी त्याला पुढे उभे करायचे ठरविले आहे, आणि मला वही आणावयास सांगितले आहे.